आकाश मोकळं, तरी रेडिओमीटर म्हणतो ढगात पाणी आहे

तक्रार दर पावसाळ्यात तीच असते, विचारणारा तेवढा बदलतो. छतावर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर चालू आहे, वर निळं आकाश आहे, सिलोमीटरला, म्हणजे लेसरने ढगाचा तळ शोधणाऱ्या यंत्राला, एकही ढग सापडत नाही, आणि स्क्रीनवर ढगातल्या पाण्याचा आकडा, म्हणजे एलडब्ल्यूपी, दाखवतोय ६० ग्रॅम प्रति चौरस मीटर. किंवा सर येऊन गेली, ऊनही पडलं, तरी आकडा ३०० च्या खाली उतरायला तयार नाही. कधी उलटंच, रात्रभर उणे १५. मग कोणीतरी ठरवतं की यंत्र बिघडलं, कंपनीला मेल जातो, उत्तर येतं की कॅलिब्रेशन करा. कॅलिब्रेशन होतं, आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

घाटमाथ्यावर हा त्रास जास्त होतो. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेने, आयआयटीएमने, २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. साडेतेराशे मीटर उंचीवर पावसाळ्यात ढग थेट अंगणात उतरतो, आणि ढगाचा अभ्यास करणाऱ्याला ती पर्वणीच. पण वरच्या ढगातलं पाणी जमिनीवरून मोजायला ठेवलेलं यंत्र स्वतःच ढगात बुडालं, की मोजमापाची सगळी गृहीतकं ओली होतात. खाली जे लिहितोय ते अशा कुठल्याही ठिकाणाला लागू आहे. आंबोली असो, माथेरान असो, नाहीतर केरळातला एखादा डोंगर असो. आकडे मात्र महाबळेश्वरची उंची आणि अक्षांश धरून दिले आहेत.

आधी टीबी बघा, एलडब्ल्यूपी नंतर

रेडिओमीटरला पाणी दिसत नाही. त्याला वरून येणारं मायक्रोवेव्ह उत्सर्जन मिळतं, आणि तो ते केल्विनमध्ये सांगतो. हेच ब्राइटनेस टेंपरेचर, रोजच्या बोलण्यात टीबी. दोन चॅनेल महत्त्वाचे: २३.८ गिगाहर्ट्झ हा बाष्पाच्या २२.२३५ च्या रेषेजवळचा, आणि ३१.४ गिगाहर्ट्झ हा ‘खिडकीतला’, म्हणजे जिथे हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते आणि ढगाचं द्रव पाणी जास्त बोलतं. दोघांच्या गणितातून बाष्प वेगळं आणि पाणी वेगळं काढलं जातं.

आता प्रमाण लक्षात घ्या. निरभ्र आकाशाचं ३१.४ वरचं टीबी विशी-तिशीतलं असतं. साध्या, न बरसणाऱ्या सखल ढगात ५० ते १५० ग्रॅम पाणी असतं. १०० ग्रॅम पाण्याने ३१.४ चं टीबी जेमतेम ३ ते ४ केल्विन वाढतं. म्हणजे त्या चॅनेलमध्ये १ केल्विनची चूक झाली की एलडब्ल्यूपीत ३०-४० ग्रॅमची चूक. सगळं जागच्या जागी असतानाही दोन चॅनेलच्या यंत्राची अनिश्चितता २० ते ३० ग्रॅम धरतात. पातळ ढगाला ती ढगाएवढीच झाली! ८९-९० गिगाहर्ट्झचा तिसरा चॅनेल असेल तर परिस्थिती बरीच सुधारते, कारण तो द्रव पाण्याला कित्येक पट संवेदनशील असतो. पण आपल्याकडच्या बहुतेकांना हातातल्या यंत्रावरच भागवायचं आहे.

म्हणून नुसता एलडब्ल्यूपीचा आलेख पाठवून ‘काय झालं असेल?’ असं विचारलं तर मी आधी टीबीचे आलेख मागतो, सगळ्या चॅनेलचे, एकाखाली एक. ५१ ते ५८ गिगाहर्ट्झचे ऑक्सिजनचे चॅनेल असतील तर सगळ्यात आधी ५८ कडे बघा. तिथे हवा इतकी अपारदर्शक असते की टीबी जमिनीलगतच्या हवेच्या तापमानाला चिकटून राहायला हवं. ते एक-दोन केल्विनहून जास्त भरकटलं असेल तर खोट रिसीव्हरमध्ये किंवा कॅलिब्रेशनमध्ये शोधा. ५८ ठीक आणि फक्त २२ ते ३१ चे चॅनेल फुगलेले, तर बहुतेक वेळा गुन्हेगार रेडोमवर, म्हणजे यंत्रावरच्या कापडी आवरणावर, बसलेला असतो.

रेडोमवरचं पाणी

एका चौरस मीटरवर १०० ग्रॅम पाणी सारखं पसरलं तर थराची जाडी होते फक्त ०.१ मिलिमीटर. हेच पाणी ढगात १०-२० मायक्रॉनच्या थेंबांत विखुरलेलं असेल तर ३१.४ वर वर सांगितलेले ३-४ केल्विन. आणि तेच रेडोमवर सलग पापुद्रा होऊन बसलं तर? गणित करून बघा, शंभरावर केल्विन निघतात. गोल थेंबाच्या आत लहरीचं विद्युतक्षेत्र फार क्षीण होतं. सपाट पापुद्र्यात ते पृष्ठभागाला समांतर असल्यामुळे जवळजवळ जसंच्या तसं शिरतं आणि पाणी ते पिऊन टाकतं. म्हणून एक शतांश मिलिमीटरचा, डोळ्याला धड न दिसणारा ओलावासुद्धा अख्ख्या ढगाला झाकून टाकतो.

यावरूनच कळतं की रेडोमचं पाणी झटकणारं कोटिंग ही चैनीची वस्तू नाही. कोटिंग चांगलं असेल तर पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं मणी होऊन घरंगळतं, पापुद्रा बनतच नाही. ऊन, जांभ्याची लाल धूळ, पक्ष्यांची शीट आणि शेवाळ यांनी ते मरतं. परीक्षा सोपी आहे. फवाऱ्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि रेडोमवर दोन फवारे मारा. टपोरे मणी होऊन खाली पळाले तर उत्तम. थेंब चपटे होऊन एकमेकांत मिसळले आणि कापड गडद दिसायला लागलं, तर त्या रेडोमचं आयुष्य संपलं. बाहेरून पांढराशुभ्र दिसतो यावर जाऊ नका.

पुसताना साबण, स्पिरिट, काचेचं क्लीनर काही वापरायचं नाही. साधं स्वच्छ पाणी आणि मऊ सुती फडकं, तेही न रगडता. चकाचक करण्याच्या उत्साहात कोटिंगच निघून जातं, आणि मग यंत्र स्वच्छ असूनही आकडे घाण. घाटमाथ्यावर तर मे महिन्याच्या शेवटी रेडोम नवा बसवावा हे माझं ठाम मत आहे. तो उपभोग्य माल आहे, प्रिंटरच्या शाईच्या रकान्यात धरा. दुरुस्तीच्या रकान्यात टाकला की फाइल फिरत राहते आणि पाऊस संपतो.

आता मुख्य प्रश्न: जुन्या डेटात रेडोमचं पाणी ओळखायचं कसं?

पहिली खूण उताराची. पाऊस थांबल्यावर रेडोम वाळतो तेव्हा टीबी एका गुळगुळीत वक्राने उतरतं, दहा मिनिटं, वीस मिनिटं, हवा दमट असेल तर आणखी. खऱ्या ढगाचा एलडब्ल्यूपी असा शिस्तीत वागत नाही. तो मिनिटामिनिटाला वर-खाली होतो. दोन मिनिटांच्या खिडकीत ३१.४ चं प्रमाणविचलन काढा. आकडा मोठा आणि विचलन नगण्य असेल तर संशय रेडोमवर घ्या. अपवाद पसरट, एकसंध स्तरमेघाचा, त्याचंही विचलन कमी असतं. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

दुसरी खूण कोनाची, आणि ही मला सगळ्यात खात्रीची वाटते. यंत्र ठरावीक वेळाने तिरकं बघत असेल तर ३० अंश उंचीवरच्या नोंदी काढा. त्या कोनात वातावरणातून जायचा रस्ता दुप्पट होतो, त्यामुळे जादा टीबी खरोखर आकाशातून येत असेल तर तेही साधारण दुप्पट व्हायला हवं. जादा टीबी सगळ्या कोनांत जवळपास सारखंच राहिलं, तर ते आकाशातलं नाही. एक तर रेडोम ओला आहे, नाहीतर कॅलिब्रेशन सरकलंय. या दोघांतला फरक वेळ सांगते: ओल तासाभरात जाते, कॅलिब्रेशनची खोट मुक्कामाला असते.

तिसरी खूण समोर उभं राहून. फडक्याने रेडोम हलकेच टिपा, बाजूला व्हा, आणि स्क्रीन बघा. टीबी धाडकन वीस-तीस केल्विन खाली आलं की वाद संपला. टिपल्याची वेळ लॉगबुकात लिहायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्या उडीचा अर्थ लावत बसेल.

पाऊस-सेन्सरवर मात्र विसंबू नका, घाटमाथ्यावर तरी नाहीच. तो पावसाच्या थेंबासाठी केलेला असतो. धुकं म्हणून अंगावर आलेल्या ढगाचे बारीक थेंब त्याला जाणवतही नाहीत, पण रेडोमवर तासन् तास बसत राहतात. डेटातला फ्लॅग, म्हणजे पावसाची खूण, म्हणतो पाऊस शून्य, रेडोम वाळवणारा ब्लोअर आळसावलेला, आणि रेडोम चिंब. यावर उपाय तीन. ब्लोअर आणि हीटर पाऊस-सेन्सरला न बांधता आर्द्रतेला बांधा, ९५ टक्क्यांच्या वर गेली की पूर्ण वेगाने चालू. सिलोमीटर ढगाचा तळ जमिनीवर दाखवत असेल तो सगळा काळ ‘संशयित’ म्हणून चिन्हांकित करा. आणि रेडोमकडे तोंड करून एक साधा वायफाय कॅमेरा लावा. दर पाच मिनिटांचा एक फोटो म्हणजे काहीच खर्च नाही, पण त्या फोटोंइतका प्रामाणिक फ्लॅग दुसरा नाही.

ब्लोअरची जाळीही उघडून बघा. शेवाळ, मुंग्या, कोळ्याची जाळी. पंखा फिरतोय असा आवाज येतो, पण हवा काही बाहेर येत नाही. हाताला जोराचा झोत लागला पाहिजे. आणि पावसात कोणी काळजीपोटी यंत्रावर ताडपत्री टाकली असेल तर त्या रात्रीचं टीबी २९० च्या आसपास सापडेल. याचं निदान करायला तज्ज्ञ लागत नाही.

कॅलिब्रेशन: दाबाचा रकाना

वाळल्यावरही निरभ्र आकाशात आकडा एकाच बाजूला झुकलेला राहत असेल तर कॅलिब्रेशनकडे वळायचं. द्रव नायट्रोजनच्या कॅलिब्रेशनमध्ये यंत्राला एक गरम आणि एक नायट्रोजनने थंड केलेलं लक्ष्य दाखवतात, आणि थंड लक्ष्याचं तापमान ठाऊक आहे असं धरतात. समुद्रसपाटीला नायट्रोजन सुमारे ७७.४ केल्विनला उकळतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब ८६५ हेक्टोपास्कलच्या आसपास, तिथे तो ७६ च्या जवळ उकळतो. दाबाचा सेन्सर बंद असेल किंवा रकान्यात समुद्रसपाटीचा दाब तसाच राहिला असेल, तर लक्ष्य १.३ केल्विनने गरम धरलं जातं.

१.३ हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण आकाश त्याहून थंड, २५ केल्विनच्या घरात. गरम लक्ष्य २९५ ला, थंड ७६ ला, आणि त्या दोन बिंदूंमधली रेघ पुढे खाली ओढायची. चूक वाढत जाऊन २५ केल्विनपाशी १.६ होते. दोन्ही चॅनेलमध्ये ती एकाच दिशेने गेली तरी हिशेबाअखेर एलडब्ल्यूपीत चाळीसेक ग्रॅम जमा होतात. निरभ्र आकाशात एक काल्पनिक ढग कायमचा टांगला जातो.

बाकीच्या खोड्या नेहमीच्याच. नायट्रोजन उघड्यावर बराच वेळ राहिला की हवेतला ऑक्सिजन त्यात उतरतो आणि उकळबिंदू वर सरकतो. द्रवाला निळसर झाक दिसली तर तो टाकून ताजा घ्या. लक्ष्याचं शोषक द्रवात पूर्ण बुडालेलं हवं. जुलैमध्ये हा उद्योग करूच नका. ओल्या हवेत लक्ष्याच्या पेटीवर दव जमतं, गोठतं, आणि तुम्ही नायट्रोजनऐवजी बर्फ मोजता. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी सकाळ निवडा, आणि दुसरं कॅलिब्रेशन पावसाळ्याच्या तोंडावर. खोली बंद असेल तर दारं-खिडक्या सताड उघडा. नायट्रोजनला वास नसतो, आणि तो ऑक्सिजन हटवतो तेव्हा सूचना देत नाही.

२२ ते ३१ च्या चॅनेलसाठी नायट्रोजनशिवायचा मार्ग म्हणजे टिप कर्व्ह. वेगवेगळ्या कोनांतून निरभ्र आकाश बघायचं आणि रेघ शून्य हवेपर्यंत मागे नेऊन वैश्विक पार्श्वभूमीच्या २.७ केल्विनला भिडवायची. पद्धत देखणी आहे. अट एकच, आकाश आडवं एकसारखं हवं. घाटाच्या कड्यावर हे जमणं मुश्कील: पश्चिमेला कोकणातून चढणारी दमट हवा, पूर्वेला वाईकडची कोरडी. दोन्ही बाजूंचं टीबी एकाच कोनात जुळत नसेल तर ती टिप सरळ फेकून द्या. शक्य असेल तर यंत्र कड्याला समांतर, उत्तर-दक्षिण फिरवा. आणि क्षितिजावर काय आहे ते एकदा चालत जाऊन बघा. यंत्राला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, म्हणजे किरणपट्टा, चार-पाच अंश रुंद असतो, १५-२० अंशांवर समोरचा डोंगर किंवा मोबाइलचा टॉवर त्यात सहज येतो.

कॅलिब्रेशन बरोबर, रेडोम कोरडा, तरी झुकाव कायम? मग टीबीवरून पाणी काढायचे गुणांक कुठल्या रेडिओसाँडवरून, म्हणजे हवामानाच्या फुग्याला बांधलेल्या यंत्रावरून, काढलेत ते तपासा. मुंबईच्या किंवा गोव्याच्या फुग्यांवरून काढलेले गुणांक डोंगरावर तसेच चालत नाहीत. पावसाळ्यात किनाऱ्यावर स्तंभातलं बाष्प ६० मिलिमीटरच्या घरात जातं आणि त्यातलं बरंच खालच्या सव्वा-दीड किलोमीटरमध्येच असतं. तो भाग कापून टाकून, स्टेशनच्या उंचीपासून सुरू होणाऱ्या वातावरणावर गुणांक पुन्हा काढावे लागतात. ढगाचं तापमानही या गुणांकांतच धरलेलं असतं. शून्य अंशाचं पाणी वीस अंशाच्या पाण्यापेक्षा ३१.४ वर दीडपटीहून जास्त शोषतं, त्यामुळे सखल कोमट ढगाला उंच गार ढग समजलं की पाणी कमी भरतं.

किरकोळ, पण हमखास फसवणारं

दुपारी साडेबाराच्या सुमारास टोकदार उडी, तीही मेच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला: हा सूर्य. महाबळेश्वरला १२-१३ मे आणि १ ऑगस्टच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो आणि किरणपट्ट्यात शिरतो. मेमध्ये वेळ साधारण १२:३२, ऑगस्टमध्ये १२:४२. ते दिवस आणि ती मिनिटं वगळायची, बाकी काही करायचं नाही.

एकाच चॅनेलमध्ये, काटकोनात वर जाणारी आणि काटकोनात खाली येणारी उडी असेल तर तो रेडिओ व्यत्यय. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २०२२ च्या लिलावात फाइव्ह-जीसाठी विकला गेला आहे, तेव्हा २५-२७ मधल्या चॅनेलवर लक्ष ठेवा. शेजारी स्वतःचाच रडार चालू असेल तर आधी तो बंद करून बघा.

घड्याळ! सिलोमीटर यूटीसीत, रेडिओमीटर भारतीय वेळेत. साडेपाच तासांच्या फरकाने निरभ्र खिडक्या निवडल्या तर त्यात ढग असणारच, आणि मग ‘निरभ्र आकाशातला आकडा’ म्हणून जे हाती येतं त्याचं लोणचंसुद्धा घालता येत नाही.

उरलेला झुकाव काढताना

सगळं करूनही १०-२० ग्रॅम राहतात. ते गणिताने काढावे. सिलोमीटरला किमान वीस मिनिटं ढग नाही, ३१.४ चं विचलन कमी, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तोही थंड, अशा खिडक्या शोधा. त्यातला सरासरी एलडब्ल्यूपी म्हणजे तुमचा झुकाव, तो आसपासच्या काळातून वजा करा. जुलैत अशी खिडकी तीन-तीन आठवडे मिळत नाही. तेव्हा शेवटचा झुकाव पुढे न्या, पण अनिश्चिततेचा रकाना मोठा करा. कॅलिब्रेशन झालं की जुना झुकाव रद्द, नवा हिशेब.

उणे आकड्यांना शून्य करू नका. काही सॉफ्टवेअर हे गुपचूप करतात आणि आलेख शोभिवंत दिसतो. पण निरभ्र आकाशातला गोंगाट शून्याच्या दोन्ही बाजूंना असायला हवा. खालची बाजू कापली की सरासरी आपोआप वर जाते, आणि महिन्याच्या सरासरीत नसलेले ढग तयार होतात. कापणीचा पर्याय बंद करा, आधी झालेली असेल तर टीबीपासून पुन्हा काढा.

१००० ग्रॅमच्या वरचे आकडे ढगाचे म्हणून वापरू नका. तिथे पाऊस असतो, मोठे थेंब लहरी विखुरतात आणि साधं गणित मोडतं. बरसत नसलेला सखल ढग क्वचितच ४०० च्या पुढे जातो.

शेवटी, आकडा पटण्याजोगा आहे का हे पाहायला जाडीचा हिशेब करा. कोमट सखल ढगात तळापासून दर मीटरला सुमारे ०.००२२ ग्रॅम प्रति घनमीटर पाणी वाढतं, त्यामुळे पूर्ण स्तंभ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. २०० मीटर जाड ढग: ४४ ग्रॅम. ३०० मीटर: ९९. ५०० मीटर: २७५. तळ सिलोमीटरवरून, माथा ढग-रडारवरून घ्या. वरून सुकी हवा मिसळत असल्यामुळे खरा ढग या आकड्याच्या खालीच असतो. रेडिओमीटर २०० मीटरच्या ढगात १५० ग्रॅम दाखवत असेल तर नायट्रोजन मागवण्याआधी फवाऱ्याची बाटली घेऊन छतावर जा.

आणि मूळ व्होल्टेजच्या फाइली जपून ठेवा. डिस्क भरली म्हणून त्या उडवल्या आणि फक्त एलडब्ल्यूपीची सीएसव्ही ठेवली, तर दाबाचा रकाना चुकल्याचं पुढे कळूनही दुरुस्ती करता येत नाही.